नदीकाठ आणि नदीखोरे
(मुळा नदीच्या पुनरुज्जीवन-योजनेची हिंजवडीच्या संदर्भात चिकित्सा)

१

नगररचनेची योजना वरवर पाहता नकाशे, अंदाजपत्रके व कालपत्रके यांची बनलेली दिसते. परंतु तिच्या मुळाशी एक व्याख्या गृहीत धरलेली असते. घरांच्या योजनेत कुटुंब कशाला म्हणावे हे आधी ठरलेले असते आणि नदीच्या योजनेत नदी कशाला म्हणावे हे ठरलेले असते. ही व्याख्या योजनेत स्पष्ट शब्दांत क्वचितच आढळते. ती आढळते योजनेच्या सीमांत : नकाशा कोठून सुरू होतो, कोठे संपतो आणि काय वगळतो यांत. म्हणून योजनेची चिकित्सा करावयाची तर तिच्या सीमारेषांपासूनच आरंभ करणे इष्ट होय.

पुणे महानगरपालिकेने हाती घेतलेली मुळा-मुठा नदीकाठ विकास योजना ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. सुमारे ४४ किलोमीटर लांबीची व सुमारे ४,७०० कोटी रुपये खर्चाची ही योजना ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन होऊन मार्गस्थ झाली. तिच्या आराखड्यात मुळेचे सुमारे २२ किलोमीटर, मुठेचे सुमारे १० आणि संगमानंतरच्या मुळा-मुठेचे सुमारे १२ किलोमीटर अंतर्भूत आहेत. पूरपातळी कमी करणे, पात्रात पाणी टिकविणे, तुटलेले काठ सलग जोडणे आणि नागरिकास पुन्हा पाण्यापर्यंत नेणे, हे तिचे घोषित हेतू होत. मुळेच्या उत्तर काठावर वाकडपासून सांगवीपर्यंत पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनेही अशाच स्वरूपाचे काम योजिले आहे.

या योजनेवर आजवर झालेली टीका मुख्यतः वृक्षतोड, पात्राचा संकोच आणि पूररेषांचे गणित या मुद्द्यांभोवती फिरली आहे. ते मुद्दे महत्त्वाचे आहेत आणि त्यांतील काही न्यायासनापुढेही गेले आहेत. प्रस्तुत विवेचनाचा रोख मात्र निराळ्या व त्याहून मूलभूत प्रश्नाकडे आहे. मुळेच्या बाजूने ही योजना वाकडच्या बाह्यवळण-पुलापाशी सुरू होते. तेथून थोड्याच अंतरावर, वरच्या अंगास, हिंजवडी आहे. हिंजवडीचे पाणी नदीस मिळते ते या रेषेच्या वर. योजना सुरू होते ती या रेषेच्या खाली. या एका रेषेत योजनेची सारी उपपत्ती सामावलेली आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२

योजनेच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रथम म्हटले पाहिजे. पुण्याने गेल्या अर्धशतकात नदीकडे पाठ फिरविली, राडारोडा टाकण्याची जागा म्हणून तिचे पात्र वापरले आणि मैलापाणी विनासंकोच तीत सोडले. अशा शहरात नदीकाठ हा सार्वजनिक ठेवा आहे असे एखादी योजना म्हणते, एवढ्यानेही ती स्वागतार्ह ठरते. शिवाय मैलापाण्याच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जसाहाय्याची एक स्वतंत्र योजना २०१६ पासून मंजूर आहे. तीत अकरा शुद्धीकरण केंद्रे योजिली होती. तिची अंमलबजावणी रेंगाळली हा दोष नदीकाठ-योजनेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

तथापि योजनेचा आदर्श कोठून आला हे पाहिले म्हणजे तिची मर्यादा ध्यानात येते. पुण्याचा आराखडा ज्या अहमदाबादच्या संस्थेने केला, तिनेच साबरमतीच्या काठाचाही आराखडा केला होता. साबरमतीचे शहरातील पात्र आज भरलेले दिसते ते मुख्यतः नर्मदेच्या कालव्याच्या पाण्यामुळे. तेथे नदी आणि तिचे खोरे यांची ताटातूट आधीच झालेली होती. काठ बांधणे हे त्या ताटातुटीला दिलेले देखणे रूप होते. मुळेची स्थिती याहून वेगळी आहे. तिच्यात बाहेरून पाणी आणण्याची सोय नाही. उलट तिचेच पाणी बाहेर जाते.

हा मुद्दा पुण्याच्या वाचकास नवा नसला तरी योजनेच्या संदर्भात त्याचा विचार अभावानेच होतो. मुळेच्या उगमाकडील पाऊस मुळशीच्या धरणात अडविला जातो आणि वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडे भिरा येथे उतरून कोकणात जातो. ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, ते हेच धरण. मावळ्यांच्या जमिनी गेल्या, हे त्या लढ्याचे दुःख इतिहासात नोंदले गेले. नदीचे मस्तक गेले, ही गोष्ट तितकीशी नोंदली गेली नाही. पावसाळ्यात धरणातून होणारा विसर्ग सोडला, तर मुळशीच्या खाली मुळा ही बव्हंशी आपल्या लहान ओढ्यांवर आणि काठच्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर जगणारी नदी आहे. पौड खोऱ्यातील ओढे, माण-हिंजवडीचे ओढे, पुढे देवनदी आणि रामनदी, हेच तिचे उरलेले भांडवल. ज्या नदीचे मोठे उत्पन्न शतकापूर्वी दुसरीकडे वळविले गेले, तिच्या किरकोळ उत्पन्नाकडेही दुर्लक्ष करून तिच्या दारावर कमान उभारणे, असा या योजनेचा व्यवहार दिसतो.

३

नदीचा विचार खोऱ्याच्या मापाने करावा, ही कल्पना काही आजची नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये सुरू झालेल्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांनी ती याच प्रांतात मांडली होती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या दरीचा उभा छेद घ्यावा आणि त्या छेदावर खाणकामगार, लाकूडतोड्या, मेंढपाळ, शेतकरी व नागर यांचे जीवन परस्परांशी कसे जोडलेले आहे ते पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. आधी पाहणी, मग निदान, मग योजना, हा त्यांचा क्रम होता. इंदूर संस्थानासाठी त्यांनी १९१८ मध्ये सादर केलेल्या विस्तृत अहवालातही नगराचा विचार त्याच्या जलाशयांपासून व नद्यांपासून तोडलेला नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने हा विचार स्वतःच्या भाषेत आत्मसात केला. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी नाला-बांध घातले, पुढे राळेगणसिद्धी व हिवरे बाजार येथे ज्यांनी पाणलोटाची कामे केली, त्यांना गेडिसचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु 'माथा ते पायथा' हे सूत्र त्यांच्या तोंडी होते. आधी डोंगरमाथ्यावर पाण्याचा वेग मोडावयाचा, मग उतारावर ते मुरवावयाचे आणि अखेरीस पायथ्याशी साठवावयाचे. पायथ्यापासून काम सुरू केले तर पहिल्याच पावसात बांध गाळाने भरतो, हे खेड्यातील सामान्य शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक झाले. जे ज्ञान मुळशी तालुक्याच्या शिवारात जवळजवळ लोकज्ञान झाले आहे, ते त्याच तालुक्याची वेस ओलांडून शहरात येताच लुप्त होते, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

४

आता हिंजवडीची भूमी पाहू. हे गाव शासकीय दृष्ट्या मुळशी तालुक्यात असून पवना व मुळा या दोन नद्यांच्या मधल्या भूभागावर वसलेले आहे. गावाचा व लगतच्या माण गावाचा बराच उतार दक्षिणेस मुळेकडे आहे. खाली दख्खनचा काळा पाषाण, त्यावर मुरमाचा थर आणि वर शेतीची माती, अशी येथील रचना आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी सहसा शिरत नाही; ते साठते त्यावरील भेगाळलेल्या व मुरमाड थरात. हा थर जाड नसतो. म्हणजे येथील भूजलाची तिजोरीच पृष्ठभागाजवळ आहे आणि पाया खणताना पहिली कुदळ तिच्यावरच पडते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले. टप्प्याटप्प्याने हिंजवडी, माण व मारुंजी या गावांचा परिसर त्याच्या प्रभावाखाली आला. धूर न ओकणारा हा उद्योग असल्याने तो नदीस निरुपद्रवी आहे, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत रसायनांच्या बाबतीत काही अंशी खरी मानली, तरी जलविज्ञानाच्या दृष्टीने ती टिकत नाही. नदीला केवळ काय सोडले यानेच इजा होते असे नाही. किती पाणी किती वेळात सोडले, यानेही होते.

साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. १०० हेक्टर क्षेत्रावर एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०,००० घनमीटर पाणी जमिनीवर येते. ते क्षेत्र शेतीचे असेल आणि पडलेल्या पाण्यापैकी सुमारे तीन-दशांश वाहून जाते असे धरले, तर ओढ्यात १५,००० घनमीटर येईल. तेच क्षेत्र छप्परे, डांबर व फरशी यांनी आच्छादले आणि नऊ-दशांश पाणी वाहते असे धरले, तर ओढ्यात ४५,००० घनमीटर येईल. म्हणजे त्या तासात सेकंदाला सरासरी साडेबारा घनमीटर. गुणक जागोजाग बदलतील. प्रमाणाची दिशा बदलणार नाही. ज्या ओढ्याने शेतकऱ्याच्या काळात एक भाग पाणी वाहिले, त्याने आता तीन भाग वाहावे अशी अपेक्षा आहे. आणि त्याच वेळी त्या ओढ्याचे पात्र अरुंद करण्यात, वळविण्यात अथवा नळीत कोंडण्यात आले आहे.

जून २०२५ मध्ये हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा या गणिताचे उत्तर सर्वांनी पाहिले. नैसर्गिक ओढे अडविले वा वळविले गेल्याची बाब त्यानंतरच्या शासकीय पाहण्यांत पुढे आली आणि नोटिसाही निघाल्या. चर्चा मात्र रखडलेली वाहतूक, मेट्रोचे अपुरे काम आणि स्थलांतराचा विचार करणाऱ्या कंपन्या यांचीच अधिक झाली. रस्त्यावर थांबलेले पाणी ही गैरसोय मानली गेली; जमिनीत न मुरलेले पाणी ही हानी मानली गेली नाही. वस्तुतः दोन्ही एकाच घटनेच्या दोन बाजू होत. जे पाणी जूनमध्ये कर्मचाऱ्याची मोटार बुडविते, तेच मुरले असते तर फेब्रुवारीत मुळेच्या पात्रात झिरपले असते. पावसाळ्यातील पूर आणि उन्हाळ्यातील कोरडेपण ही नदीची दोन स्वतंत्र दुखणी नसून एकच आहे. काठ बांधून यांपैकी पहिल्यावर काहीसा उपाय होईल. दुसऱ्यावर मुळीच होणार नाही, आणि बंधाऱ्यांनी अडविलेले पात्र उन्हाळ्यात कोणत्या पाण्याने भरलेले राहील, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

लहान ओढ्यांना क्षुल्लक लेखण्याची किंमत पुण्याने याआधी दिलेली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहराच्या दक्षिण भागात वीसहून अधिक माणसे दगावली. पेशवाईत ज्या ओढ्याच्या वरच्या अंगास कात्रज येथे तलाव बांधून शहरास पाणी आणले गेले, तोच हा ओढा. अठराव्या शतकातील कारभाऱ्यांनी त्याचे खोरे ओळखले होते. ज्यांच्या झोपड्या व भिंती त्या रात्री गेल्या, त्यांनी ओढा अरुंद केला असे म्हणता येईल. परंतु वरच्या उतारावरील पाण्याचा वेग त्यांनी वाढविला नव्हता. खोऱ्याचा हिशेब न ठेवणाऱ्या नगररचनेत वरच्यांचे कर्ज खालचे फेडतात, हा या घटनेचा धडा होय.

५

येथे एक आक्षेप संभवतो. पुणे महानगरपालिकेची हद्द जेथे संपते तेथे तिची योजना संपणारच. हद्दीबाहेरच्या गावाचा दोष तिला कसा द्यावा? हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे आणि म्हणूनच तो योजनेपेक्षा व्यवस्थेवर अधिक प्रकाश टाकतो. हिंजवडीत भूखंड औद्योगिक महामंडळाचे, भोवतीच्या बांधकामांच्या परवानग्या २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, गावठाणाचा कारभार ग्रामपंचायतीचा, नदीचे पात्र जलसंपदा खात्याचे, आणि खालचा काठ दोन महानगरपालिकांचा. ओढा या साऱ्यांच्या मधून वाहतो. म्हणून तो कोणाचाच नाही. ही गावे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत घ्यावीत ही मागणी २०२५ मध्ये पुन्हा जोराने पुढे आली. तिचे गुणदोष काहीही असोत, हद्द सरकविल्याने खोरे जुळत नाही. मुळेचे दोन काठ तरीही दोन महानगरपालिकांकडेच राहतील.

या बाबतीत जर्मनीतील एम्शर नदीचा दाखला बोधप्रद आहे. ऱ्हूर प्रदेशातील कोळसा व पोलाद यांच्या उद्योगाने ही नदी सांडपाण्याचे उघडे गटार करून टाकली होती. खाणींमुळे जमीन खचत असल्याने तेथे भूमिगत नळ घालणेही शक्य नव्हते. परंतु १८९९ मध्येच तेथील नगरे व उद्योग यांनी मिळून साऱ्या खोऱ्यासाठी एक संघ स्थापिला आणि खर्चाची वाटणी सभासदांवर केली. आरंभी त्या संघाने नदीचे गटार अधिक पद्धतशीर केले, हे खरे. तथापि खाणी बंद पडून १९९० च्या दशकात पुनरुज्जीवनाची वेळ आली, तेव्हा अखत्यारीचा प्रश्न उद्भवला नाही; खोऱ्याएवढी संस्था अस्तित्वात होती. सुमारे तीस वर्षे व पाच अब्ज युरोहून अधिक रक्कम खर्चून २०२१ च्या अखेरीस ती नदी मैलापाण्यापासून मुक्त झाली. १९८९ ते १९९९ या काळातील एका मोठ्या प्रदर्शन-उपक्रमातून बंद कारखान्यांच्या जमिनी त्याच खोऱ्याच्या योजनेत गुंफल्या गेल्या. १९८५ मध्ये बंद पडलेला ड्यूसबर्गचा पोलाद कारखाना आज सार्वजनिक उद्यान आहे. जर्मनीचा पैसा पुण्यापाशी नाही, ही सबब येथे पुरेशी नाही. तेथील संघ स्थापन झाला तेव्हा प्रश्न पैशाचा नव्हता, मापाचा होता.

६

औद्योगिक जमिनीचा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो. हिंजवडी ही उद्योग बंद पडलेली भूमी नाही. मग तिच्या पुनरुज्जीवनाची भाषा कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावाने दिले आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने, जमिनीचा विकास करू इच्छिणाऱ्या गिरणीने एक-तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी व जवळपास तितकीच सार्वजनिक घरबांधणीसाठी द्यावी, असे योजिले होते. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या भागापुरती राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. शहराच्या मध्यभागी शेकडो एकर जमीन एका पिढीत मोकळी झाली आणि शहराच्या हाती तिचे तुकडे आले. उद्योग गेल्यावर जमिनीचे काय, हा प्रश्न उद्योग गेल्यावर विचारला, म्हणजे उत्तर देण्याचा अधिकार जमिनीच्या किमतीकडे जातो.

पिंपरी-चिंचवडमध्येही जुन्या कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिलेली दिसतात. हिंजवडीत ती वेळ आलेली नाही. परंतु कचेरीतील यंत्रे कापडाच्या मागापेक्षा लवकर जुनी होतात आणि संगणकाचा उद्योग आपले बिऱ्हाड गिरणीपेक्षा कितीतरी सहज हलवू शकतो. औद्योगिक महामंडळ सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड देते. म्हणजे जमिनीची मालकी अद्याप सार्वजनिक आहे. भाडेपट्ट्यात इमारतीच्या उंचीची व वापराची अट घालता येते, तर भूखंडावर पडलेल्या पावसापैकी अमुक भाग भूखंडातच थोपवावा, ओढ्याच्या दोन्ही अंगांस अमुक अंतर मोकळे ठेवावे आणि मुदतीअखेर जमीन मुरणारी करून परत द्यावी, अशी अटही घालता येईल. जो पट्टा नव्याने होईल वा हस्तांतरित होईल, त्यात ती घालण्याची संधी आजही आहे. गिरणगावात हा उपाय उपलब्ध नव्हता; हिंजवडीत तो आहे. हीच या प्रश्नातील आशेची बाजू होय.

७

सारांश, मुळेच्या काठाची योजना चुकीच्या हेतूने केलेली नाही. ती अपुऱ्या व्याख्येवर उभी आहे. काठ म्हणजे नदी, असे तिने मानले. पूररेषांची आखणीही याच व्याख्येतून होते : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. परंतु वरच्या अंगास शेतांची छप्परे होत असताना गेल्या पन्नास वर्षांच्या पुरांवरून पुढल्या पंचवीस वर्षांचा पूर ठरविणे, हे मुलाच्या जुन्या मापाने नवा अंगरखा शिवण्यासारखे आहे. ज्या गणिताचा पायाच सरकत आहे, त्यावर दगडी काठ उभा करणे धाडसाचे ठरते.

या योजनेस पूरक अशी दुसरी योजना व्हावयाची असेल, तर तिचा आरंभ वाकडच्या पुलाच्या वरून व्हावा लागेल. हिंजवडी, माण व मारुंजी यांतील प्रत्येक ओढ्याची महसुली नकाशांवरून व प्रत्यक्ष पायी फिरून नोंद. त्या नोंदीस सर्व परवाना देणाऱ्या यंत्रणांवर बंधनकारक असे स्थान. भूखंडागणिक पाण्याचा हिशेब. आणि मुळशीपासून संगमापर्यंत एकच खोरे मानणारी, खर्चाची वाटणी करण्याचा अधिकार असलेली संस्था. या चार गोष्टी त्या योजनेचे अंग ठरतील. यांपैकी पहिल्या कामास फारसा पैसा लागत नाही. गावातील वयस्कर शेतकऱ्यांना कोणता ओढा कोठून वाहत असे हे अजून ठाऊक आहे. ती पिढी फार काळ राहणार नाही.

काठावर फिरावयास येणारा नागरिक उद्या नदीकडे पाहील, तेव्हा त्याच्या पुढ्यात जे पाणी असेल ते त्या काठावर पडलेले नसेल. ते कोणाच्या तरी छपरावर, कोणत्या तरी माळावर, कोणत्या तरी बुजविलेल्या ओढ्याच्या जागी पडलेले असेल. त्या जागेचा पत्ता ज्या योजनेत नाही, ती योजना उद्यान देऊ शकेल. नदी परत देऊ शकणार नाही.